झोलिंगेनचा थोरला चुंबक

बोलतोय तो मी, झोलिंगेनच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला थोरला चुंबक. आवाज माणसाचा नाही म्हणून दचकू नका. वीज बंद असली की मी नुसता लोखंडाचा ओंडका असतो. पिंपाएवढा जाड, लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला, एका टोकाला गाजरासारखा निमुळता. माझं नाव तुमच्या कानावर आलं असेल तर ते माझ्या आकारामुळेच आलं असेल, आणि नेमकी त्याचीच मला लाज वाटते.

आमचं गाव सुऱ्या-कात्र्यांचं. ओढ्याकाठी सहाणा फिरतात, गल्लोगल्ली हातोड्या चालतात. इथल्या हवेतच पोलादाची कणी आहे म्हणा ना. ती कधी उडेल आणि कुणाच्या डोळ्यात घुसेल याचा नेम नाही. रविवारी चर्चमधून माणसं बाहेर पडली की एका डोळ्यावर पट्टी बांधलेले चारदोन तरी त्यांच्यात असायचेच.

पलीकडच्या टेकडीवर रेमशाइड आहे. ते कानशींचं गाव. तिथल्या दवाखान्यात आमच्या आधी चुंबक आला. मग आमच्या लोकांना डोळ्यातलं लोखंड काढायला तिकडे जावं लागायचं, आणि तिथले लोक टोमणे मारायचे, "काय हो, कात्र्या करता येतात, पण डोळे सांभाळता येत नाहीत वाटतं!"

आमच्या पिकार्टसाहेबांना हे झोंबलं. यूलियुस पिकार्ट म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या कात्रीच्या कारखान्याचे मालक आणि दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी वर्गणी काढली. दवाखान्याचे तरुण डॉक्टर हुगो मेर्टेन त्यांना म्हणाले होते, "साहेब, आधी एक लहान चुंबक घेऊ. पेनासारखा हातात धरता येईल असा. मोठ्याचं नंतर बघू."

"पेनाएवढ्या वस्तूला वर्गणी कोण देईल, डॉक्टर?" साहेब हसले. "लोकांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. रेमशाइडपेक्षा मोठा मागवा."

डॉक्टरांनी मागणीच्या कागदावर सही केली. नवी नोकरी होती त्यांची. मी जन्मलो तो असा, दोन गावांच्या चढाओढीतून.

कोलोनच्या एका कारखान्यात मला घडवलं. मऊ लोखंडाचा जाडजूड गाभा घेतला आणि त्यावर सुताने मढवलेली तांब्याची तार गुंडाळत गेले. वेढ्यावर वेढा, थरावर थर. तारेतून वीज वाहू लागली की प्रत्येक वेढा आपापली थोडी ओढ गाभ्यात घालतो. वेढे जास्त, प्रवाह जास्त, गाभा जाड, तर ओढ जबर. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. लहान चुंबकसुद्धा टोकाला टेकलेली टाचणी घट्ट धरतो; बोटभर लांब नेली की मात्र त्याचा जोर संपतो. मोठ्याचं तसं नसतं. त्याची ओढ दूरवर पोचते आणि सावकाश ओसरते. म्हणून वस्तू दूर असेल तेव्हा मोठा कामाला येतो. तीच वस्तू अगदी जवळ आणली, की तो तिला असा खेचतो की मधे काय आहे हे बघत नाही. हे मला बांधणाऱ्या कारागिरांना ठाऊक होतं, डॉक्टरांनी वाचलं होतं. पिकार्टसाहेबांना फक्त माझा घेर माहीत होता.

दवाखान्याच्या दारातून मी आत जाईना. भिंत फोडावी लागली. ठेवायला जागा हवी म्हणून बायकांच्या खोलीतल्या खाटा उचलून बोळात टाकल्या. मोतीबिंदू काढलेली एक म्हातारी त्या बोळातल्या गार हवेत खोकत पडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "त्या नव्या पाहुण्याची नीट सोय झाली ना रे?" मी भिंतीआड ते ऐकायचो.

उद्घाटनाला सारं गाव लोटलं. पिकार्टसाहेबांनी भाषण केलं, बँड वाजला, आणि वीज सोडली. पिकार्टबाई कौतुकाने अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. कंबर बारीक दिसावी म्हणून बायका त्या वेळी आतून पोलादी पट्ट्यांची घट्ट बंडी घालायच्या. वीज येताच बाई सगळ्यांदेखत पोटाने माझ्याकडे सरकल्या. त्या मागे रेटतायत, मी पुढे ओढतोय. "यूलियुस! अहो, बंद करा ते!" त्या ओरडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना आवडलेला दिसतोय!" आणि हशा पिकला. बाई रडत निघून गेल्या, त्या परत कधी दवाखान्यात आल्या नाहीत.

लोक ती गोष्ट अजून मिटक्या मारत सांगतात. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. समोर काय आहे, कोण आहे, हे न बघता ओढत सुटणं हा माझा स्वभाव, आणि तो पहिल्याच दिवशी चारचौघांत उघडा पडला होता.

मग हुल्दा आली.

हुल्दा श्टाम पिकार्टसाहेबांच्याच कारखान्यात कात्र्या पुसून चकचकीत करायची. शेजारच्या बाकावर पाती ठोकत होते, तिथली कणी उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेली. माझी पहिलीच रोगी. साहेबांना कळलं तसे ते समितीची माणसं, वर्तमानपत्रवाला, सगळ्यांना घेऊन आले. खुर्च्या मांडल्या. नाटकाला बसावं तसे बसले.

डॉक्टर मेर्टेननी हुल्दाला बऱ्याच अंतरावर बसवलं आणि प्रवाह बेताने सोडला. मला ती कणी जाणवत होती. अंधाऱ्या खोलीत चाचपडत दार शोधावं तशी ती आत हलायला लागली होती. तेवढ्यात साहेब म्हणाले, "डॉक्टर, एवढ्या लांबून काय दिसणार? जवळ घ्या की. आणि जोर पुरता लावा. कशासाठी एवढा मोठा आणलाय?"

डॉक्टरांनी एकदा मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं. मग हुल्दाची खुर्ची पुढे सरकवली.

"थांबा," हुल्दा म्हणाली. "डॉक्टर, थांबा ना, ओढतंय आत."

"झालंच हं," डॉक्टर म्हणाले, आणि प्रवाह वाढवायचा दांडा शेवटपर्यंत फिरवला.

कणी सरळ आली. बुबुळाच्या मागचं भिंग, पुढचा पडदा, जे मधे आलं ते फाडत आली आणि माझ्या टोकावर येऊन टिचकन बसली. खुर्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्यांच्या आवाजात हुल्दाची किंकाळी बुडून गेली. मी तिच्या सगळ्यात जवळ होतो, म्हणून मला ऐकू आली.

तिचा डोळा गेला. काचेचा बसवला. एका डोळ्याने डाग दिसत नाहीत म्हणून कारखान्याने तिला कामावरून काढलं. वर्तमानपत्रात मात्र आलं की झोलिंगेनच्या विराट चुंबकाने क्षणार्धात पोलाद बाहेर काढलं.

डॉक्टरांनी माझ्यावर पांढरी चादर टाकली. स्वतःच्या खिशातून त्यांनी एक लहान चुंबक मागवला, बोटाएवढा, पुढे सुईसारखं टोक असलेला. कणी वरवर असली की ते बारीकसा छेद देऊन ते टोक आत नेऊन टेकवायचे आणि अलगद काढून घ्यायचे. किती डोळे वाचवले त्या धाकट्याने! मी चादरीखालून ऐकायचो. मला त्याचा हेवा वाटला नाही. त्याच्या खोलीत आपण एवढी जागा अडवून बसलोय, याचंच ओशाळं वाटायचं.

असे काही हिवाळे गेले. मग एवाल्ड ग्राफराट आला. पन्नाशीचा लोहार, दाराएवढा रुंद. सिस्टर आल्विना त्याच्या खिशातले खिळे, चाव्या, पट्ट्याचं बक्कल काढून घेत होत्या आणि तो डोळ्यावर फडकं धरून बडबडत होता.

"सिस्टर, अजून थोड्या वेळात विजारही मागाल."

"गप्प बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "दुसरा डोळा कसा आहे?"

"तो लहानपणीच गेला. ठिणगीने. माझं एकच दुकान उघडं आहे बघा, त्यालाही आता कुलूप लागायची पाळी आलीय." तो हसला.

डॉक्टरांनी तपासलं. कणी खोल, पार मागच्या पडद्यापाशी होती. धाकट्या चुंबकाने प्रयत्न करून पाहिला; त्याची ओढ तिथवर पोचेचना. टोक आणखी आत घालावं तर त्यानेच डोळा नासला असता. आणि कणी तशीच सोडावी तर लोखंड आत गंजतं, डोळा आतून विझत जातो.

डॉक्टरांनी धाकटा पुसून जागेवर ठेवला. मग माझ्या चादरीकडे न बघता म्हणाले, "मोठा वापरावा लागेल."

"तो रेडा?" एवाल्ड म्हणाला. "डॉक्टर, कारखान्याच्या फाटकापाशी हुल्दा उभी असते ना, काळ्या पावात सॉसेज नि कांदा घालून विकते, तिच्याकडे मी रोज खातो. तिला विचारल्याशिवाय मी त्याच्यासमोर बसणार नाही. काय होतं ते तिलाच ठाऊक. तुम्हाला नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. इतकी वर्षं फाटकावरून जायला नको म्हणून ते लांबच्या रस्त्याने दवाखान्यात येत, हे सिस्टर आल्विनांकडून मी ऐकलं होतं. पण त्यांनी टोपी उचलली आणि कुणाला पाठवलं नाही, स्वतः गेले.

हुल्दा आली ती हाताला कांद्याचा वास घेऊनच. दारात थबकली. डॉक्टरांनी माझ्यावरची चादर काढली. तिने मला नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. त्या दिवशी तिला पाहायला फुरसत कुठे मिळाली होती? मला तिच्या उरल्या डोळ्याकडे बघवेना.

"एवढाच आहे होय," ती म्हणाली. "मला आठवतो तो याच्याहून मोठा होता."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "मी 'थांबा' म्हटलं होतं."

"हो."

"ऐकू आलं होतं तुम्हाला?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. खोली माणसांनी भरली होती, गलका होता. ते म्हणाले, "आलं होतं. मागे साहेब बसले होते."

हुल्दाने नुसती मान हलवली. तिला ते माहीतच होतं. फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती एवाल्डपाशी जाऊन बसली.

"पोरी, खरं सांग," एवाल्ड म्हणाला. "फार दुखतं?"

"दुखतं. पण काका, दुखायच्या आधी एक होतं. डोळ्याच्या मागे कुणीतरी दोरा ओढतंय असं वाटतं. तो दोरा जाणवला की तिथेच थांबायचं. दुखेपर्यंत वाट बघायची नाही."

"आणि मी थांबा म्हटलं आणि यांनी नाही ऐकलं तर?"

हुल्दा उठली. "डॉक्टर, वीज चालू करायचं बटण तारेला लावून लांब करता येतं का? घंटेचं असतं तसं?"

"येतं."

"मग ते काकांच्या हातात द्या. दाबलं की चालू, सोडलं की बंद. आणि इथे खुर्च्या मांडायच्या नाहीत."

डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. सहाणेवाल्यांच्या आळीतला वीजकाम करणारा माणूस येऊन तार जोडून गेला.

बातमी पिकार्टसाहेबांपर्यंत पोचलीच. ते समितीतल्या दोघांना घेऊन दाराशी आले. डॉक्टर बाहेर गेले. मला दाराआडून ऐकू येत होतं.

"आज आत कुणी नको, साहेब."

"अहो, चुंबक आमच्या वर्गणीतून आलाय!"

"चुंबक तुमचा असेल. डोळा त्यांचा आहे."

"मेर्टेन, तुमची नोकरी कुणाच्या सहीने चालते याचा विचार करा."

"तो मागच्या वेळी केला होता," डॉक्टर म्हणाले, आणि आत येऊन त्यांनी कडी लावली.

एवाल्डला पार पलीकडच्या भिंतीशी बसवलं. प्रवाह अगदी मंद. त्याने बटण दाबलं. त्या अंतरावर धाकट्याला काहीच जाणवलं नसतं. मला जाणवलं, पुसटसं. मी पहिल्यांदाच असा दुरून, हलक्या हाताने ओढत होतो. खरं तर हात माझा नव्हता, एवाल्डचा होता.

"काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

खुर्ची जराशी पुढे. पुन्हा. "दोरा," एवाल्ड एकदम म्हणाला आणि त्याने अंगठा उचलला. मी थंड पडलो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. कणी जागची सुटली होती.

"आता डावीकडे बघा, लांब डावीकडे. सरळ आली तर मधलं भिंग फोडेल. तिला कडेने वळसा घालून आणायचंय."

दाबणं, सोडणं, दाबणं, सोडणं. सगळी सकाळ त्यात गेली. एकदा पुढचा पडदा मागून फुगला आणि एवाल्ड गुरासारखा ओरडला, पण ओरडण्याआधीच त्याचा अंगठा सुटला होता. हुल्दाने त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता. "मला शिव्या द्या हवं तर," ती म्हणाली. त्याने दिल्या. सिस्टर आल्विनांनी कानांवर हात ठेवले.

शेवटी कणी बाहुलीतून घसरून पुढच्या पाण्यात आली. काळा ठिपका, खसखशीएवढा. डॉक्टरांनी माझा प्रवाह मुळापासून तोडला, बुबुळाच्या कडेला छेद दिला, आणि धाकट्याचं टोक आत नेलं. टिक. एवढाच आवाज. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नव्हतं.

पट्टी सुटली तेव्हा एवाल्डला पुसट का होईना, दिसत होतं. तो हुल्दाकडे तोंड करून म्हणाला, "तू अशी दिसतेस होय! फाटकाशी घाईत कधी धड पाहिलंच नव्हतं." आणि तो दाराएवढा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "डोळ्यात पाणी आणू नका, टाके आहेत," सिस्टर ओरडल्या.

डॉक्टर हुल्दाला पोचवायला दारापर्यंत गेले. "मला माफ कर, असं म्हणायचा मला हक्क नाही, पण..."

"माफीचं मी काय करू?" हुल्दा म्हणाली. "ती पावात घालून विकता येत नाही. पुढच्या माणसाचं ऐका, म्हणजे झालं." आणि ती निघून गेली. तिने माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

पिकार्टसाहेबांनी डॉक्टरांना काढलं नाही. उलट वर्तमानपत्रात स्वतःच बातमी दिली, आणि माझ्या अंगावर पितळी पाटी ठोकली: 'रेमशाइडपेक्षा मोठा'. त्या पाटीखाली मी कित्येक माणसांसमोर उभा राहिलो. बटण त्यांच्या हातात असायचं. बरेच डोळे वाचले, काही गेले. रोगी बरा होऊन निघाला की माझ्या पाठीवर थाप मारायचा, "शाब्बास रे, केवढा जोर!" त्यांना कोण सांगणार, की जोर आवरला म्हणून डोळा राहिला?

मग लढाई लागली. सहाणांवर सुऱ्यांऐवजी संगिनी आल्या आणि दवाखान्यात सैनिक आले. एकेकाच्या डोळ्यात तोफगोळ्यांची कणीच कणी. पोलादाची असली की माझ्याकडे यायची. पण तोफगोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, टोपण पितळेचं असतं. ते तुकडेही उडतात.

सायलेशिया प्रांताकडचा एक शाळामास्तर आला होता, आल्फोन्स नावाचा. दोन्ही डोळ्यांत कण. त्याने बटण दाबलं, मी ओढलं, काही हललं नाही. "जवळ घ्या," तो म्हणाला. डॉक्टरांनी घेतलं. "अजून जवळ. जोर वाढवा." डॉक्टरांनी वाढवला. माझी तार तापून सुताचा करपट वास सुटला. शेवटी त्याचं कपाळ माझ्या टोकाला टेकलं होतं आणि आत काहीही जागचं हलत नव्हतं. तांबं होतं ते. तांबं माझं ऐकत नाही. लहान चुंबकाचं नाही, मोठ्याचं नाही, डोंगराएवढ्याचंही नाही.

"मला सांगितलं होतं, इथला सगळ्यांत मोठा आहे," मास्तर म्हणाला. त्याने चाचपून माझ्या अंगावर हात फिरवला. बोटांना पाटी लागली. तो अक्षरं चाचपत वाचायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा हात हळूच बाजूला घेतला.

आता सरकारला तांबं कमी पडतंय. घराघरांतून पातेली गेली, चर्चची घंटा गेली. काल दोन माणसं दवाखान्यात आली, खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबली. धाकट्याला त्यांनी हातात घेऊन परत ठेवून दिलं. त्याच्यात वाटीभरही तांबं नाही. तो राहतोय, याचं मला बरं वाटतं. डॉक्टर मेर्टेन आता म्हातारे झालेत. ते त्या माणसांना पुन्हा पुन्हा विनवत होते, "अहो, याच्याशिवाय खोलवरची कणी निघत नाही." त्यातला एक म्हणाला, "डॉक्टर, यात जेवढं तांबं आहे तेवढं सगळ्या गल्लीत निघालं नाही." ते दोघे उद्या येऊन माझी तार उलगडणार आहेत.

निरोप घेताना चांगलं काही बोलावं असं वाटतं, पण जमत नाही. कुठल्या ना कुठल्या तोफगोळ्याच्या कमरेला आता मी असणार. तो फुटेल, आणि माझा एक बारीकसा तुकडा उडून कुणाच्या तरी डोळ्यात जाऊन बसेल. तो माणूस अशाच एखाद्या खोलीत, अशाच एखाद्या चुंबकासमोर बसेल आणि म्हणेल, अजून जवळ घ्या.

तुम्ही त्याच्या शेजारी असाल तर त्याचा हात धरा. मी तेव्हा तांबं असेन, जागचा हलणार नाही.